एक वीत नाव

भोर
ता. २ मे १९६९

अक्कास,

कुंडलिकाचा जयभीम. मी बरा आहे, बायको बरी आहे, लाउडस्पीकरचं दुकान बरं चाललं आहे. खुशाली इथं संपली.

दाजी, हे पत्र तुम्हीच अक्काला वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही जयभीम. एक विनंती आहे. लिहिलंय तसं वाचा. मधेच आपल्या पदरचं 'बाकी सर्व ठीक' घालून पुढे जाऊ नका. तुमची ती सवय मला ठाऊक आहे.

अक्का, चौदा एप्रिलला तू जयंतीला भोरला आलीस आणि घोटभर चहासुद्धा न घेता परत गेलीस. माझ्या बायकोनं पोहे भिजवून ठेवले होते. तिनं ते संध्याकाळी माझ्यासमोर आदळले. तू का गेलीस ते मला कळतं. पण तू समजतेस तसं ते नाही, म्हणून हा कागद खर्ची घालतोय.

मिरवणुकीच्या ट्रकवर आपली रेकॉर्ड लागली तेव्हा तू कोपऱ्यावर हाताची घडी घालून उभी होतीस. मी ट्रकवर मशीनपाशी होतो. तू रचलेलं गाणं, तुझाच आवाज, खाली मी घातलेली ढोलकी आणि क्लॅरिनेट. लोक नाचत होते. तू ओठ हलवत होतीस, ते मला वरून दिसत होतं. दोन कडवी झाली, क्लॅरिनेट वाजला, धृपद आलं आणि सुई खरखरायला लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या. तू तशीच उभी. मग ट्रकपाशी येऊन म्हणालीस, "कुंडल्या, माझं कडवं कुठंय?" मी म्हणालो, "तीन मिनिटांत बसत नव्हतं गं." तू स्टँडकडे चालू लागलीस.

तर ऐक. रेकॉर्डच्या एका बाजूला तीन मिनिटं मावतात. तू गायलीस ते साडेपाच मिनिटं भरलं. मुंबईच्या कंपनीचं धोरण असं आहे की जास्तीचा मजकूर त्यांची माणसं काढून टाकतात. त्यात माझा हात नसतो. मधल्या गोल कागदावर 'कुंडलिक आणि पार्टी' छापलंय, तेही त्यांच्या पद्धतीनुसार. शिवाय बाईमाणसाचं नाव बाजारात फिरलेलं दाजींना रुचणार नाही, असाही एक विचार होता.

शेवटच्या कडव्यात रचणाराचं नाव यायलाच हवं, ही रीत मला काय नवी आहे? रखमाजी मामाच्या जलशात सहा वर्षं मीच ते म्हणत होतो. गावोगाव.

सगुणा म्हणं, गाव माजं गुंजवनं हाय
ठिकाणाला आल्याबिगर उतरायची न्हाय

मिशीवाला गडी 'सगुणा म्हणं' म्हणतो म्हणून लोक खो खो हसायचे. मग मी हात करून पडद्याआड बसलेल्या तुला दाखवायचो, आणि हसणारे गप्प व्हायचे. हे मी विसरलोय असं समजू नकोस.

कळावे. उत्तर दाजींच्या हातचं आलं तरी चालेल.

कुंडलिक


मुंबई
ता. १८ जानेवारी १९७०

अक्कास जयभीम,

यंदा आंबेमोहोर आला नाही. दरसाल संक्रांतीच्या आत तुझ्याकडून पायली दोन पायली तांदूळ येतो. बायकोनं दोनदा विचारलं. मी सांगितलं, पीक कमी असेल. काल इथं मुंबईच्या स्टँडवर गुंजवण्याचा एक जण भेटला, त्याच्याकडून कळलं की पीक चांगलं झालंय.

कंपनीच्या कामासाठी महिनाभर इथं आलोय. आपली रेकॉर्ड भरपूर खपली. लग्नात बँडवाले वाजवतात. साहेब खूश आहेत. त्यांनी मला नवं काम दिलंय. जुनी जलशाची गाणी, बायकांच्या ओव्या, जे असेल ते टेप करून आणायचं आणि त्याला नवा ठेका लावायचा. मी आता गात नाही. दुसऱ्याचं गाणं बसवतो.

तुला वाईट वाटेल, पण गाणं सुटलं म्हणून मला वाईट वाटत नाही. तुला आठवत असेल, सवाल-जबाबात समोरच्या पार्टीनं सवाल टाकला की त्यांची ढोलकी थांबायच्या आत माझा जबाब तयार असायचा. वेल्ह्याच्या त्या सामन्यात तर समोरचा शाहीरच आपला सवाल विसरला होता. त्याच जोरावर मुंबईला गेलो. पासष्ट साली माझ्या आवाजाची एक रेकॉर्ड निघाली. ती कुणी घेतली नाही. कंपनीतला एक जण म्हणाला, "तुमचा गळा समोर माणसं असली की पेटतो. माईकसमोर तुम्ही बँकेत अर्ज भरल्यासारखं गाता." मी ती रेकॉर्ड ऐकली. तो बरोबर बोलला होता.

मग मी तिथंच मशीनखोलीत राहिलो, केबल गुंडाळत. टेप कशी कापतात, कशी चिकटवतात ते बघत गेलो. एका मशीनवर गाणाऱ्याचा आवाज लावायचा, समोर ढोलकीवाला बसवायचा, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. गाणारा पुण्यात, ढोलकी गिरगावात, ऐकणाऱ्याला वाटतं दोघं एका सतरंजीवर बसलेत. हे मला जमतं. दुसरं काही एवढं जमलेलं नाही.

रेकॉर्डवर 'गीत: पारंपरिक' छापलंय, ते गुंजवण्याच्या मास्तरांनी तुला वाचून दाखवलं असं कळलं. ते कारकुनाचं काम. फॉर्म भरताना त्यांची घाई असते.

नवं गाणं असेल तर पाठव. दाजींना सांगून लिहून घे. चाल मी ओळखेन.

कुंडलिक


भोर
ता. ३० ऑक्टोबर १९७१

अक्का,

ह्या वक्ताला आपल्या बोलीत लिवतो. तू म्हणलीस म्हणं, 'खोटं बोलायचं आसलं की कुंडल्या पुस्तकावानी बोलतो.' दाजींनी कार्डावर कळवलं. दोन वर्सांत तुजी माज्याकडं आलेली ओळ एवढीच, ती बी दाजींच्या अक्षरात.

मामा गेला, त्येच्या पुण्यानुमोदनाला मार्गासनीत आपण समोरासमोर बसलो. ज्या ओसरीवर मामानं आपल्या दोघांना जलशात घेतलं तीच ओसरी. 'सगुणीचं डोकं आन कुंडल्याचं तोंड' म्हणायचा त्यो. त्या दिशी तोंड गप्प बसलं व्हतं. तू माज्या बायकूशी बोललीस, आल्यागेल्याशी बोललीस, माज्या अंगावरनं नजर फिरवलीस जशी भितीवरनं फिरवत्यात. बाळाबाई मावशी म्हणली, सगुणे, मामाला आवडायचं ते यष्टीचं गाणं म्हण. तू म्हणलीस, "माजं गाणं आता रेकॉर्डवाल्याला इचारा." सगळ्यांनी माज्याकडं बगितलं. म्या सुपारी कातरत बसलो. लई लागलं मला ते. लागायला पायजे व्हतं, पण लागलं ते लागलंच.

परतीच्या यष्टीत माज्या म्होरल्या बाकावर खिडकीला एक बाई व्हती. कमळाबाई म्हणून हाय, मार्गासनीच्या वरल्या आळीतली, तू वळखत आसशील. ती बाहिर बगत गुणगुणत व्हती.

यष्टी आली मार्गासनीला, धुरळा उडवीत
मी बसले गं खिडकीला, पदर सावरीत

गोड म्हणत व्हती. म्या इचारलं, "कुणाचं वो गाणं, काकू?" ती म्हणली, "कुणाचं म्हंजी? आमच्या आजीचं हाय. जात्यावर म्हणायची." आजीच्या टायमाला यष्टी कुठनं आली, हे माज्या जिभंवर आलं व्हतं. सवाल-जबाबातला गडी आसता तर सोडला नसता. पर रेकॉर्डवर 'पारंपरिक' छापलंय, मग ती बाई तरी काय चुकली?

अक्का, तू एकुणसाठ साली पयल्यांदा यष्टीत बसलीस तवा म्या बी मागच्या बाकावर व्हतो. शेजारच्या बाईनं तुला इचारलं, कुणाच्यातली गं तू? तू आपल्या वस्तीचं नाव घेतलंस. ती ताडकन उठली आन नसरापूरपातुर दांडीला लोंबकळत गेली. बसायला जागा मोकळी, आन बाई उभी. तू घरला जाऊन तांदूळ निवडता निवडता तिसरं कडवं जुळवलंस.

शेजारची उठली बाई, दांडीला लोंबली
तिकीट तिचं माजं येकच, जागा तिनं सोडली

आपल्या वस्तीत ह्या कडव्याला बाया पदरात तोंड घालून हसायच्या. ती उठलेली बाई म्हंजी हीच कमळाबाई का, मला ठावं न्हाई. पर ते कडवं रेकॉर्डवर आसतं तर कुणाची बी आजी ते गाणं म्हणायला पुढं आली नसती, एवढं खरं.

ते कंपनीनं कापलं न्हाई. म्या कापलं.

दाजी, थांबू नका. वाचा.

हितंच, दुकानाच्या मागल्या खोलीत, तू गाऊन गेल्यावर चार दिसांनी. तवा अजून आवाज घुमू ने म्हणून गोधड्या भितीला टांगलेल्या व्हत्या आन तू ठेका धरलेलं पालथं घमेलं बी तसंच पडलेलं. दाढीचं ब्लेड आन चिकटपट्टी. तिसरं कडवं काढलं, कारण मुंबईचा सायब ते ऐकून गप्प बसंल आसं मला वाटलं. कुणी काढाय सांगितलं नव्हतं. म्याच आधी वळखून काढलं. शेवटचं काढलं, कारण जागा नव्हती. हे बी खोटं. जागा व्हती. त्यात क्लॅरिनेटचा एक तुकडा हाय, पंचवीस सेकंदांचा, त्यो माज्या डोक्यातनं आलेला. त्यो मला लई आवडला व्हता. तुजं शेवटचं कडवं बी पंचवीस सेकंदांचंच. क्लॅरिनेट ठिवला आन तुला काढली.

आजून हाय. तू कडव्या-कडव्याला पाय उचलतीस, चढणीला लागल्यावानी तुजी चाल वाढत जाती. ढोलकीला ते चालत न्हाई. म्हणून तुजे श्वास कापले, सगळे. फॉर्म बी म्याच भरला. 'पारंपरिक' हे माजं अक्षर हाय. दाजींना आवडणार न्हाई आसं म्हणलो, ते निमित्त. दाजींना म्या कदीच इचारलं न्हाई.

हे सांगून मला हलकं वाटंल आसं वाटलं व्हतं. तसं काय झालं न्हाई.

कुंडलिक


भोर
ता. ११ फेब्रुवारी १९७३

अक्का,

दाजींचं कार्ड आलं व्हतं. 'पत्र पोचले, वाचून दाखवले, सर्व खुशाल.' त्याला बी वर्स उलटलं. एवढं सगळं वाचून माणूस सर्व खुशाल कसं ऱ्हाईल, ह्ये म्या बायकूला इचारलं. ती म्हणली, "तुमी दुसऱ्याला इचारता आन उत्तर आपलंच देता. मला कशाला इचारता?"

दरम्यान म्या अकरा रेकॉर्डी बसवल्या. दोन चालल्या. मुंबईत मला आता 'मास्तर' म्हणत्यात.

मागल्या आठवड्यात दुकान झाडाया काढलं. फळीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. कापलेली टेप म्या फेकत न्हाई, त्यात टाकतो. सात-आठ वर्सांचे तुकडे, एकावर बी चिठ्ठी न्हाई. शेवयांवानी गुंता. म्हणलं बगू. चार दीस दुकान बंद ठिवलं आन एक एक तुकडा मशीनला लावून ऐकला. कुणाचं खोकणं निगालं. ढोलकीवाल्याची शिवी निगाली. मामाचा आवाज निगाला, "हां, आता थांब की लेका." त्यो कवा घेतला, मला आठवत न्हाई. त्यो ऐकून म्या जरा भाईर जाऊन आलो.

तिसरं कडवं सापडलं. आख्खं. तुजे श्वास बी सापडले, बोटभर बोटभर बारा तुकडे. शेवटचं कडवं मातर न्हाई. ब्लेडला धार हाय का बगायला म्या टाकाऊ तुकड्यावर ते फिरवून बगतो. ते कडवं तसंच गेलं आसंल. त्यातला एकच तुकडा ऱ्हायला. 'सगुणा'. एवढंच.

टेप सेकंदाला साडेसात इंच पळती. तुजं नाव सेकंदाच्या जरा वर जातं. म्या मोजलं. माजी एक वीत बरोबर भरती.

त्यो तुकडा ह्या पाकिटात घातलाय. तुज्याकडं मशीन न्हाई, गावात वीज न्हाई, हे मला कळतं. पर माज्या डब्यात त्यो ऱ्हाऊ ने, म्हणून धाडला.

आता नव्या बारक्या रेकॉर्डी निगाल्यात. एका बाजूला सहा मिंटं मावत्यात. माजं निमित्त संपलं. तू भोरला ये आन सगळी कडवी पुन्यांदा म्हण. न्हाई आलीस तर तो तुजा हक्क हाय. पर ते शेवटचं कडवं तुज्या तोंडचं आता टेपवर कुठंच ऱ्हायलं न्हाई, अक्का. आपुन दोघं मेलो की तोंडातलं बी जाईल. मग कमळाबाईच्या आजीचंच गाणं ते, कायमचं.

कुंडलिक


भोर
ता. २१ जानेवारी १९७४

अक्का,

काल तू आलीस आन गेलीस. जे झालं ते तुला म्हायती हाय. तरी लिवतो, कारण काल माज्या तोंडातनं नीट काय निगालं न्हाई, आन तू गेल्यावर काय झालं ते तुला सांगायचंय.

तू आलीस ते दाजींच्या मागनं, पायरीवर वाहणा काढून. पदराची गाठ सोडलीस आन त्यो टेपचा तुकडा माज्या टेबलावर ठिवलास. पार चुरगळून गेला व्हता. म्हणलीस, "हे काय हाय? ह्यांना इचारलं तर ह्यांना सांगता येईना."

म्या म्हणलं, "तुजं नाव हाय त्यात."

"एवढंच व्हय माजं नाव?"

"पत्रात सगळं लिवलं व्हतं की अक्का."

"ह्यांनी वाचलं की. मदलं गाळून." दाजी टोपी काढून तिच्यात बगाय लागले. म्हणले, "भाऊ-बहिनीत आजून कशाला इस्तू घालायचा, म्हणून म्या..." तुमी वाईट वाटून घिऊ नका, दाजी. म्या बी मोठ्या इचारानंच कापलं व्हतं.

आन तू म्हणलीस, "मला कळतं की रं. गाळायच्या आदी हे खाकरत्यात. आन गाळून झालं की आवाज एकदम गोड व्हतो. तुज्या रेकॉर्डवर बी तसंच हाय. पयल्या कडव्याच्या शेवटाला म्या श्वास घेत न्हाई आन तिथनंच धृपद उचलती. माणूस मरंल आसं गायला. ट्रकखाली उभी व्हते तवाच कळलं मला, कुणीतरी सुरी चालवलीया. कुणी, ते सांग."

पाच वर्सं झाली, अक्का. पाच वर्सं म्या समजत व्हतो की म्या पत्रात लिवलं न्हाई तोवर तुला काय ठावं नव्हतं.

म्या म्हणलं, "म्या."

"का?"

"मला माजा क्लॅरिनेट आवडला व्हता."

"एवढ्यासाटी?"

"एवढ्यासाटीच."

तू पदर सावरलास. मला वाटलं, उठतीस आता. मग म्हणलीस, "येडा का खुळा रं तू. तसा बरा हाय त्यो क्लॅरिनेट. चल, लाव मशीन." बायकूनं आतनं च्या आणला. तो तू घेतलास. म्या बगितलं ते.

मशीन आधीच चालू व्हतं. आवाजाचा काटा बगायला म्या लावून ठिवलं व्हतं, आन बोलण्यात ध्यान ऱ्हायलं न्हाई. म्हंजी ह्या सगळ्या बोलण्याची टेप झाली. तुला काल सांगायचं धाडस झालं न्हाई, आज सांगतो.

मग तू घमेलं पालथं घालून ठेका धरलास आन सुरवात केलीस.

यष्टी आली मार्गासनीला, धुरळा उडवीत
सगुणा बसली खिडकीला, पदर सावरीत

पयल्यांदा मला वाटलं, चुकलीस. पंधरा वर्सं तिथं 'मी बसले गं' हाय. वय झालं, म्हणलं, थांबवावं का? पयलं कडवं झालं, धृपद आलं, पुन्ना 'सगुणा बसली'. दुसरं कडवं, पुन्ना. तिसऱ्या कडव्याला, जिथं ती बाई उठती, तितं तू जरा हसलीस आन श्वास घेतलास आन पुन्ना 'सगुणा बसली खिडकीला'. तवा माज्या डोक्यात परकाश पडला. दाजी बी टोपीतनं वर बगाय लागले. शेवटचं कडवं व्हतं तसंच ठिवलंस, गावासकट. रीत मोडली न्हाईस. फक्त शेवटाच्या भरवशावर बसली न्हाईस.

म्या इचारलं, ढोलकी घालू का, का तशीच ठिवू? तू म्हणलीस, "घाल की. क्लॅरिनेट बी घाल. लोकं नाचू द्यात. बसून कोण ऐकतंय?"

तुला यष्टीत बसवून आलो आन मुंबईला फोनवर टरंकाल लावला. सायब म्हणले, पाच मिंटं चाळीस सेकंद लई व्हतंय, साडेचारवर आणा. म्या व्हय म्हणलो. सवयच हाय ती. मागल्या खोलीत जाऊन बसलो, नवं ब्लेड काढलं, टेप मशीनवर घातली आन हातानं म्हागं-म्होरं सरकवून कापायची जागा हुडकाय लागलो.

धृपद कापलं तर गाणंच उभं ऱ्हात न्हाई. एक धृपद काढलं तर आजून चार हायेत, आन प्रत्येकात तू हायेस, बरोब्बर ठेक्यावर. त्या शब्दाच्या जागी दुसरं काय चिकटवाया जावं तर ढोलकी लंगडती. मशीनवर हात ठिवून म्या बसलो, अक्का. हे काम म्या नऊ वर्सं करतोय. टेपला हात न लावता माज्यापेक्षा चांगली जुळणी करणारं माणूस माज्याच घरात व्हतं.

तिसरं कडवं मातर कापता आलं आसतं. ते मोकळं हाय, मधनं उचललं तर कुणाला कळणार न्हाई. ते कापलं न्हाई. त्यात तुजी हुशारी न्हाई, ते माज्या मनानं ऱ्हायलं. एवढं तरी माज्याकडं आसू दे.

सायबांना कळवलं, हाय तसं घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. आजून उत्तर न्हाई. फॉर्म भरलाय. गीत आन आवाज: सगुणाबाई, गुंजवणे. खाली बारक्या अक्षरात, जुळणी: कुंडलिक. 'पारंपरिक' म्हणून जी जागा आसती तिच्यावर आडवी रेघ मारली.

गाण्याच्या आधीचं आपलं बोलणं तेवढं कापलं. कंपनीला ते कशाला? पर डब्यात टाकलं न्हाई. गुंडाळी करून वर चिठ्ठी लावली हाय. 'अक्का आली, २० जानेवारी.'

कुंडलिक


मार्गासनी
ता. ७ मार्च १९७५

अक्का,

आंबेमोहोर पोचला. बायकूनं पयल्या दिशी बिगर भाजीचा नुसताच भात खाल्ला.

कार्डावर जागा थोडी हाय, म्हणून एवढंच. आज नसरापूरला यष्टी धरली, मामाच्या घराकडं काम व्हतं. गाडी भरलेली, म्या दांडीला धरून उभा. शेजारच्या बाकावर कमळाबाई, खिडकीला. गुणगुणत व्हती. 'सगुणा बसली खिडकीला, पदर सावरीत.' पयलं कडवं म्हणलं, दुसरं म्हणलं. तिसरं आलं तशी गप्प झाली. भाईर बगितलं. मग धृपद पुन्ना उचललं.

म्या इचारलं, "काकू, सगुणा कोण वो?"

"आसंल कुणीतरी गुंजवन्याची. रेकॉर्ड हाय तिची."

म्या म्हणलं, "माजी थोरली बहीण."

तिनं माज्याकडं बगितलं. मग बाकावर जरा सरकली. जागा करून द्यायला सरकली का अंग चोरायला, ते मला कळलं न्हाई.

म्या बसलो. मार्गासनी आल्यावर उतरलो.

कुंडलिक